दहा सेकंदांचं इंजेक्शन, चौदा दिवसांची व्यवस्था

आमवात असो, सोरायसिससोबत येणारा संधिवात असो की अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात), डॉक्टर "आता बायोलॉजिक सुरू करू" म्हणाले की मनात पहिली येते ती सुई. दुखेल का, स्वतःच्या हाताने टोचता येईल का, ऐन वेळी हात थरथरला तर? ही इंजेक्शनं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना विचारून पाहा. सुईबद्दल ते एखादं वाक्य बोलतील आणि मग फ्रीजबद्दल सांगत बसतील, तापाबद्दल, प्रवासाबद्दल, आणि औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन दोन सेकंद आधी उचलल्यामुळे मांडीवर ओघळलेल्या औषधाबद्दल. टोचण्याचं काम दहा-पंधरा सेकंदांत संपतं. गडबड होते ती बहुतेक वेळा त्याच्या आधी नाहीतर नंतर.

याची गोळी का नसते, हे आधी उरकून टाकू. ही बायोलॉजिक औषधं म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार करून घेतलेली भलीमोठी प्रथिनं. गिळली तर जेवणातल्या प्रथिनांसारखी पचून जातील. म्हणून ती कातडीखालच्या चरबीत सोडायची, तिथून ती सावकाश रक्तात उतरतात. प्रथिन म्हटल्यावर त्याचे नखरेही आलेच: उष्णता सोसत नाही, गोठणं तर मुळीच नाही, जोरात हलवलेलं चालत नाही. वेळापत्रकही ज्याचं त्याचं. अ‍ॅडालिमुमॅब साधारणपणे ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, एटानरसेप्ट ५० मिलिग्रॅम दर आठवड्याला, गोलिमुमॅब ५० मिलिग्रॅम महिन्यातून एकदा. सेक्युकिनुमॅबचे पहिले पाच डोस बऱ्याचदा आठवड्याला एक असे असतात, मग चार आठवड्यांनी एक. टोसिलिझुमॅब १६२ मिलिग्रॅम दर आठवड्याला किंवा आठवड्याआड. दुसऱ्या कुणाचं वेळापत्रक ऐकून आपलं तपासत बसू नका. औषध वेगळं असेल तर त्या तुलनेला अर्थ नसतो.

सुरू होण्याआधीचा महिना

औषध ठरलं तरी ते लगेच हातात पडत नाही. आधी तपासण्या, आणि त्यांत टीबीची सगळ्यांत महत्त्वाची. त्यामागचं कारण माहीत असलं की थांबणं थोडं सुसह्य होतं. टीएनएफ नावाचा एक रेणू सांध्यांत सूज पेटती ठेवतो. तो अडवला तर सांधे शांत होतात, हे लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांच्या गटाने १९९२ साली पहिल्यांदा रुग्णांवर पाहिलं. पण हाच रेणू आणखी एक काम करत असतो. कधीकाळी शरीरात शिरलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींची जी तटबंदी उभी राहते, ती तो शाबूत ठेवतो. टीएनएफ अडवला की तटबंदी ढासळू शकते आणि वर्षानुवर्षं झोपलेला टीबी जागा होतो. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध घेणाऱ्या ७० रुग्णांमधला टीबी एका शोधनिबंधात नोंदला गेला आणि तेव्हापासून ही तपासणी सुटत नाही.

तपासणीचे मार्ग दोन. एक मँटू चाचणी: हातावर कातडीत थोडं द्रव्य टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. लाली मोजत नाहीत, हाताला लागणारी टणक गाठ मोजतात. आपल्यासारख्या रुग्णांत ५ मिलिमीटर गाठसुद्धा पॉझिटिव्ह धरली जाते. दुसरी रक्तातून होणारी इग्रा चाचणी. तिला परत जावं लागत नाही आणि लहानपणी बीसीजी घेतली असली तरी फरक पडत नाही. सोबत छातीचा एक्स-रे. एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा: तुम्ही स्टिरॉइड किती घेताय. स्टिरॉइडचा डोस बऱ्यापैकी असेल तर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. घरात पूर्वी कुणाला टीबी झाला असेल तर तेही लपवू नका. यात संकोच करून काहीच मिळत नाही.

सुप्त टीबी निघाला तर बायोलॉजिक कायमचं गेलं असं नाही. त्याचं औषध सुरू करून साधारण महिनाभर थांबायचं, मग बायोलॉजिक सुरू होतं आणि टीबीचं औषध आपला कोर्स पुरा होईपर्यंत चालू राहतं. सांधे ठणकत असताना हा महिना जड जातो, चिडचिड होते. तरी हा महिना घाईघाईत उडवण्याचा नाही.

हेपटायटिस बी तपासताना फक्त सरफेस अँटिजेन पाहून थांबले नाहीत ना, हे रिपोर्टवर बघा. कोअर अँटिबॉडीही हवी, कारण जुना, दबलेला संसर्ग तीच दाखवते. हेपटायटिस सी, रक्तपेशींची मोजणी, यकृताची तपासणी ओघाने आलीच. लसी याच काळात उरका. न्यूमोकोकल, फ्लू आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस नंतरही देता येतात, पण आधी दिलेल्या बऱ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर या जिवंत लसी मात्र बायोलॉजिक चालू असताना टाळतात. पुढेमागे पीतज्वराची लस सक्तीची असलेल्या देशात जाणार असाल तर हे आत्ताच बोलून घ्या.

फ्रीज

घरात खोका आला की त्याची जागा फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. दारात नाही, कारण दार उघडझाप होताना तिथलं तापमान सतत वरखाली होतं. मागच्या भिंतीला टेकूनही नाही. तिथे बर्फ धरतो. औषधाला हवं २ ते ८ अंश सेल्सिअस. किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा थर्मामीटर पेनच्या शेजारी ठेवला तर रात्री काय झालं ते सकाळी कळतं. फ्रीजचं बटण ३ वर आहे म्हणजे आत ३ अंश आहे असं नव्हे, हे थर्मामीटर ठेवल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात येतं. पेन खोक्यातच ठेवा, औषधाला उजेड नको असतो.

एकदा गोठलेलं पेन टाकून द्यायचं. वितळल्यावर ते अगदी पहिल्यासारखं, स्वच्छ दिसेल, तरीही. गोठताना प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्यातल्या कित्येक डोळ्याला दिसत नाहीत. अशा औषधाचा गुण कमी येतोच, शिवाय शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करण्याची भीती वाढते. महागडं पेन कचऱ्यात टाकताना जीव खालीवर होतो, पण ते टोचण्यात शहाणपणा नाही.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका आणि वेळ लिहून ठेवा. बहुतेक पेनांना फ्रीजबाहेर काही दिवसांची मुभा असते. मूळ कंपनीचं अ‍ॅडालिमुमॅब २५ अंशांपर्यंत १४ दिवस बाहेर राहू शकतं. त्यानंतर मात्र वापरलेलं नसलं तरी टाकावं लागतं. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, एका औषधाची मुभा दुसऱ्याला लावतात. प्रत्येकाचे दिवस आणि तापमान वेगळं, ते पत्रकातच पाहायचं. दुसरं, पेन पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं की मोजणी शून्यावर आली असं समजतात. बाहेर काढल्याची तारीख पेननेच खोक्यावर लिहून टाका (हे लिहायचं पेन) आणि ती तारीख हाच शब्द अंतिम माना.

टोचण्याचा दिवस

सकाळची वेळ टाळा. ज्या आजारासाठी हे इंजेक्शन, त्यातच सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, टोपण ओढायला जोर लागतो. दुपारी किंवा संध्याकाळी, हात मोकळे झाल्यावर घ्या. टोपण तरीही निघत नसेल तर रबरी हातमोजा घातल्यावर पकड चांगली बसते. किंवा घरातल्या कुणाला फक्त टोपण ओढून द्यायला सांगा, बाकी तुम्ही करा. दातांनी ओढू नका.

पेन फ्रीजमधून काढून टोपणासकट बाहेर ठेवायचं. १५ ते ३० मिनिटं, काही औषधांना ४५ किंवा त्याहून जास्त. गार औषध आत जाताना जास्त झोंबतं आणि घट्ट असल्याने सावकाशही जातं. घाई म्हणून गरम पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उन्हात ठेवलेलं पेन बाद समजा. या अर्ध्या तासात मुदतीची तारीख बघा, खिडकीतून औषध बघा. नितळ किंवा किंचित दुधट, बिनरंगी ते फिकट पिवळसर असं ते असावं. गढूळ दिसलं, रंग बदललेला असला किंवा कण तरंगत असले तर वापरायचं नाही. एटानरसेप्टसारख्या काही औषधांत बारीक पांढरे कण चालतात, असं त्यांच्या पत्रकातच लिहिलेलं असतं. आतला हवेचा बुडबुडा मात्र सगळ्यांनाच घाबरवतो आणि त्याला घाबरण्याचं कारण नाही. हे शिरेत द्यायचं इंजेक्शन नव्हे. बुडबुडा काढायला गेलात तर औषधच वाया जाईल.

जागा दोन: मांडीचा पुढचा भाग, किंवा बेंबीपासून निदान ५ सेंटिमीटर दूर पोट. दंडाची मागची बाजू दुसरं कुणी टोचणार असेल तरच, आणि तुमच्या औषधाला ती जागा चालत असेल तरच. मागच्या वेळच्या जागेपासून अडीच-तीन सेंटिमीटर सरकायचं. व्रण, निळा-काळा डाग, सोरायसिसचा चट्टा, लाल किंवा टणक झालेली कातडी सोडायची. मांडीवर घेणार असाल तर खुर्चीत टेकून बसा, पाऊल जमिनीवर पूर्ण टेकवा आणि मांडी सैल सोडा. ताठ झालेल्या स्नायूवर टोचलं की जास्त दुखतं, आणि भीतीने नेमकी मांडीच ताठ होते.

हात धुवा. स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसा आणि वाळू द्या. फुंकर नको, हाताने वाराही नको. स्पिरिट ओलं असताना टोचलं तर ते सुईबरोबर आत जातं आणि झोंबतं. "या वेळचं फारच झोंबलं" म्हणणाऱ्यांत स्पिरिट वाळू न दिलेले बरेच निघतात.

आता टोपण काढा. सरळ ओढायचं की फिरवून, हे पेनवर अवलंबून आहे. चुकीच्या पद्धतीने केलं तर आतली सुई वाकू शकते. काढलेलं टोपण परत लावायचं नाही, आणि काढल्यावर पेन तसंच धरून फोन घ्यायला जायचं नाही.

पेन ९० अंशांत, म्हणजे कातडीवर अगदी उभं धरायचं. भरलेली सिरिंज असेल तर कातडी चिमटीत धरून साधारण ४५ अंशांत. काही पेनांना बटण असतं. काही नुसती दाबली की सुरू होतात, आणि ती नीट दाबून ठेवली नाहीत तर चालूच होत नाहीत. पहिला "टक्" आवाज येतो तो सुई आत जाऊन औषध सुटल्याचा. इथेच सगळ्यांत जास्त चूक होते. आवाज मोठा असतो, दचकायला होतं, आणि "झालं" असं वाटून पेन उचललं जातं. औषध त्या क्षणी आत जायला नुकती सुरुवात झालेली असते. उचलल्यावर उरलेलं मांडीवर ओघळतं. म्हणून पहिल्या टकला हलायचं नाही. खिडकीत रंगीत पट्टी सरकताना दिसते, तिच्याकडे बघत मनात आकडे मोजा, एकपासून दहा-पंधरापर्यंत. बऱ्याच पेनांत दुसरा टक् येतो. तो आल्यावरही चार-पाच आकडे आणखी. पट्टीने खिडकी पूर्ण भरली आणि ती थांबली, तरच सरळ उचलायचं.

उचलल्यावर कातडीवर औषधाचा एखादा बारीक थेंब दिसणं ठीक आहे. ओघळ आला तर डोस अपुरा गेला. अशा वेळी आपल्या मनाने दुसरं पेन टोचू नका. किती आत गेलं ते कळायला मार्ग नसतो. पेन जपून ठेवा, खिडकीचा फोटो काढा, बॅच क्रमांक लिहा, डॉक्टरांना किंवा कंपनीच्या मदतक्रमांकावर विचारा. पेनमध्येच दोष असेल तर बदलून मिळण्याची शक्यता असते, पण त्यासाठी ते हातात असावं लागतं.

रक्ताचा ठिपका आला तर कापूस दहा सेकंद नुसता दाबून धरा. चोळायचं नाही. पेन थेट सुयांच्या डब्यात. हा डबा जाड, टोचलं तरी न फुटणारा असावा आणि पाऊण भरला की बंद करून, तुमच्याकडे जी सोय असेल त्याप्रमाणे दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात द्यावा. घरच्या कचऱ्यात गेलेली सुई कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसते.

झोंबण्याबद्दल आणखी एक. सगळी पेनं सारखी झोंबत नाहीत आणि त्यात तुमच्या सहनशक्तीचा प्रश्न नसतो. काही औषधांत सायट्रेट नावाचा क्षार असतो, तो झोंबतो. अ‍ॅडालिमुमॅबच्या जुन्या रूपात ४० मिलिग्रॅमसाठी ०.८ मिलिलिटर द्रव आणि सायट्रेट होतं. नव्या रूपात तेवढंच औषध ०.४ मिलिलिटरमध्ये मावतं, सायट्रेट नाही आणि सुईही बारीक. प्रत्येक डोसला डोळ्यांत पाणी येत असेल तर सायट्रेट नसलेलं रूप उपलब्ध आहे का, हे विचारा. हा प्रश्न डॉक्टर आपणहून काढतीलच असं नाही.

नंतरचे दिवस

टोचल्या जागी लाली, खाज, रुपयाएवढी किंवा त्याहून मोठी सूज ही पहिल्या महिन्यात, विशेषतः एटानरसेप्टमध्ये, नेहमीची गोष्ट. तीन ते पाच दिवसांत उतरते आणि पुढच्या डोसांत कमी होत जाते. कधी कधी नवीन ठिकाणी टोचल्यावर मागची जागाही पुन्हा लाल होते. विचित्र वाटतं, पण हे ओळखीचं आहे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि डॉक्टरांच्या परवानगीने अ‍ॅलर्जीची गोळी एवढं पुरतं. लाली पसरत चालली, जागा गरम आणि दुखरी झाली, ताप आला तर मात्र ती साधी प्रतिक्रिया नव्हे. आणि ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं यात फोन करून वाट बघायची नाही. थेट इमर्जन्सी.

खरा अवघड प्रश्न येतो डोसच्या दिवशी आजारी असलो तर. साधी सर्दी, ताप नाही, नाक वाहतंय, एवढ्याने बहुधा डोस चुकवावा लागत नाही. ३८ अंश किंवा जास्त ताप, छातीत कफ, लघवीला जळजळ, पू आलेली जखम, किंवा अँटिबायोटिक सुरू झालेलं असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं. सहसा कोर्स संपून लक्षणं गेली की पुन्हा सुरू करतात. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला औषधाचं नाव सांगा. "संधिवाताचं इंजेक्शन" म्हटलं तर त्यांना काहीच बोध होत नाही.

डोस थांबवला म्हणजे औषध अंगातून गेलं असंही नाही. अ‍ॅडालिमुमॅब रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एक डोस चुकला तर आजार दुसऱ्या दिवशी उसळत नाही, आणि एक डोस टाळला तर प्रतिकारशक्ती दुसऱ्या दिवशी परतही येत नाही. नुसता विसरलेला डोस आठवताच घ्यायचा, पुढचा ठरल्या दिवशी. पण वेळापत्रक काय ठेवायचं याच्या सूचना औषधागणिक बदलतात. दोन डोस एकदम कधीच नाहीत.

काही सापळे औषधाप्रमाणे वेगळे. टोसिलिझुमॅब आयएल-६ हा सूज वाढवणारा दुसरा रेणू अडवतं, आणि सीआरपी (रक्ततपासणीत सूज किंवा संसर्ग दाखवणारं प्रथिन) यकृतात तयार होतो तो आयएल-६च्याच सांगण्यावरून. त्यामुळे हे औषध घेणाऱ्याला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नॉर्मल येऊ शकतो आणि तापही फारसा चढत नाही. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी "सीआरपी चांगला आहे, काही नाही" म्हटलं, तर औषधाचं नाव त्यांच्यासमोर ठेवण्याचं काम तुमचं. आयएल-१७ अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅब, इक्सेकिझुमॅबमध्ये तोंडात पांढरे चट्टे किंवा जांघेत बुरशी येऊ शकते, ती बहुधा औषधाने जाते. पण रक्त पडणारे, लांबलेले जुलाब झाले तर ते पोट बिघडलंय म्हणून सोडून द्यायचे नाहीत. आतड्याचा दाह भडकलेला असू शकतो. टीएनएफ अडवणारी काही औषधं सोरायसिसवर दिली जातात, आणि तरीही क्वचित त्यांच्यामुळेच तळहात-तळपायांवर नव्याने सोरायसिस उठतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर नागीण. तिचं औषध ७२ तासांत सुरू झालेलं चांगलं. आणि दोन-तीन आठवडे न हटणारा खोकला, रात्री घाम, वजन उतरणं हे दिसलं तर सुरुवातीची टीबी तपासणी निगेटिव्ह होती यावर विसंबू नका.

गुण कधी येतो? कुणाला दुसऱ्याच आठवड्यात सकाळचं आखडणं कमी झाल्याचं जाणवतं, कुणाला दोन महिने काहीच नाही. आमवाताच्या युरोपीय मार्गदर्शनात तीन महिन्यांत सुधारणा दिसावी आणि सहा महिन्यांत ठरवलेलं लक्ष्य गाठावं, नाहीतर उपचार बदलावा, असं म्हटलं आहे. म्हणजे तिसऱ्या डोसला निराश होणं लवकर आणि वर्षभर "बघू" म्हणत बसणं उशिरा. मधल्या काळात बरं वाटू लागलं की बायोलॉजिकसोबत अनेकांना चालू असलेलं मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करण्याचा मोह होतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी मळमळ आणते, नकोशी वाटते, खरंच. पण इन्फ्लिक्सिमॅब आणि अ‍ॅडालिमुमॅबसोबत ती आणखी एक काम करते: शरीराने बायोलॉजिकविरुद्धच अँटिबॉडी बनवण्याचं प्रमाण ती घटवते. त्रास होत असेल तर फॉलिक अ‍ॅसिड, डोस कमी करणं, गोळीऐवजी इंजेक्शन असे मार्ग आहेत. ते विचारून करा.

काही महिन्यांनी दुकानातून किंवा दवाखान्यातून दुसऱ्याच नावाचं पेन हातात पडतं: बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध. मनात पाल चुकचुकते. नॉर्वेत इन्फ्लिक्सिमॅबवर असलेल्या रुग्णांना बायोसिमिलरवर बदलून ५२ आठवडे पाहिलं होतं. २०१७ साली आलेल्या निष्कर्षात बदललेल्यांची तब्येत न बदललेल्यांपेक्षा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे बिघडली नव्हती. आमच्या मते अशा बदलात औषधापेक्षा पेनकडे जास्त लक्ष द्यावं. जुन्याला बटण होतं, नव्याला नाही. जुनं फिरवून उघडायचं, नवं सरळ ओढायचं. सायट्रेट असेल किंवा नसेल, फ्रीजबाहेरचे दिवस वेगळे असतील. पाच वर्षं सराव झालेला हात जुन्या सवयीने नवं पेन वाया घालवतो आणि दोष बायोसिमिलरवर जातो. नव्या पेनचा पहिला डोस नर्ससमोर घ्या, डेमो पेन मागून घ्या.

विमानात औषध हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. गोठवलेली जेल पिशवी पेनला थेट लावू नका, मध्ये टॉवेलची घडी हवी. उन्हाळ्यात जपायला म्हणून घेतलेल्या त्याच पिशवीने पेन गोठवल्याची उदाहरणं कमी नाहीत. डॉक्टरांचं पत्र आणि मूळ खोका सोबत ठेवा. गुडघा किंवा खुबा बदलायची शस्त्रक्रिया ठरली तर ती डोसचा काळ संपल्यावर ठेवतात. दर दोन आठवड्यांचं औषध असेल तर तिसऱ्या आठवड्यात. पुढचा डोस टाके निघून जखम नीट भरत असल्याचं दिसल्यावर, साधारण चौदा दिवसांनी. मूल हवं असेल तर आधी बोला: सर्टोलिझुमॅबची रचना अशी आहे की ते वारेतून बाळाकडे फारसं जात नाही, बाकीची कमीअधिक जातात. गरोदरपणात बायोलॉजिक घेतलं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना बीसीजीच्या आधी ते माहीत असायला हवं, कारण बीसीजीही जिवंत लस आहे.

एक साधी वही ठेवा. तारीख, डावी मांडी की उजवी, बॅच क्रमांक, लाली किती दिवस राहिली, आणि सकाळचं आखडणं किती मिनिटं. शेवटचा रकाना रोज भरायचा. तपासणीच्या खोलीत "कसं आहे?" विचारलं की तोंडून "बरं आहे" निघून जातं, आणि त्यातून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. वहीत "पहिले दहा दिवस १५ मिनिटं, अकराव्या दिवसापासून ५० मिनिटं, सलग चार डोस" असं असेल तर औषध पुढच्या डोसपर्यंत पुरत नाहीये हे कागदावरच दिसतं. मग रक्तातली औषधाची पातळी आणि अँटिबॉडी तपासायच्या, अंतर कमी करायचं की औषधच बदलायचं, यावर बोलणं सुरू होतं.